चोविसांत तीन

डावीकडे तीन ठिपके होते, उजवीकडे सात. जास्त ठिपके कुठल्या बाजूला आहेत, एवढाच प्रश्न होता. आण्णांनी चार पूर्णांक दोन दशांश सेकंद घेतले आणि डावीकडचं बटण दाबलं.

बहात्तर वर्षांच्या माणसाला या प्रश्नाला साधारण सव्वा सेकंद लागतो. ज्याला ठिपके मोजणं खरोखरच जमत नाही, तो अंदाजाने बटण दाबून मोकळा होतो, तेही दोन सेकंदांच्या आत. चार सेकंद फार होते. मी त्या ओळीखाली पेन्सिलने बारीक रेघ मारली.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर निकाल होता. हणमंत बापू डुबल, निवृत्त वैधमापन (वजनमापे) निरीक्षक, कराड. क्षमतांक एकसष्ट. मर्यादा सत्तर. खाली ठरावीक मजकूर होता: सदर व्यक्तीचा संमतीचा अधिकार जवळच्या नातलगांपैकी सर्वाधिक क्षमतांक असलेल्या व्यक्तीकडे, म्हणजे मुलगी केतकी हणमंत डुबल यांच्याकडे, वर्ग करण्यात येत आहे. दहा दिवसांत स्वीकार अथवा हरकत कळवावी.

अधिकार एकाच गोष्टीचा होता. आई, मंदा हणमंत डुबल, चौदा महिने अतिदक्षता विभागात चार नंबरच्या खाटेवर होती. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून तिने डोळे उघडले नव्हते. छाती वरखाली होत होती ती यंत्रामुळे. ते चालू ठेवायचं की थांबवायचं हे आण्णांनी सांगायचं होतं, आणि डॉक्टर नाईकनवरे दर महिन्याला विचारायचे तेव्हा आण्णा एकच शब्द बोलायचे. "बघू."

आता तो प्रश्न मला विचारला जाणार होता.

त्याच संध्याकाळी सुजयचा बंगळुरूहून फोन आला. माझा धाकटा भाऊ. त्यालाही निकालाची प्रत गेली होती.

"ताई, एकसष्ट? आण्णा अजून शब्दकोडं पेनाने सोडवतात."

"मला माहीत आहे."

"तुझं खातं, तुझंच केंद्र, तुझ्याच हाताखालच्या बाईने घेतलेली चाचणी. आणि अधिकार कुणाकडे, तर तुझ्याकडे. सोयीचं आहे, नाही का?"

"चाचणीच्या आदल्या आठवड्यात तू इथे होतास, सुजय. सहा दिवस. दिवाळीला दोनच दिवस सुट्टी मिळते तुला."

"म्हणजे काय म्हणायचंय?"

"तू काय म्हणालास तेच."

 तो म्हणाला, "माझा अंक तुझ्यापेक्षा नऊने कमी आहे, हे मला शाळेपासून ऐकवलं गेलंय. मला मिळणार नव्हतंच. मग मी कशाला काही करीन?" आणि त्याने फोन ठेवला.

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. तरीही मला ते पटलं नाही. नियम त्याला ठाऊक नसेल, अधिकार मुलाकडे येतो असं त्याला वाटलं असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. मे महिन्यात त्यानेच डॉक्टरांना विचारलं होतं, "असं किती दिवस?" ते वाक्य मी विसरले नव्हते.

इथे क्षमतांकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हल्ली लोक तो रक्तगटासारखा सांगतात आणि तो कुठून आला हे विचारत नाहीत.

सव्वाशे वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट लक्षात आली होती. मुलांना वेगवेगळ्या चाचण्या दिल्या, शब्दांचे अर्थ, आकड्यांच्या मालिका, आकृत्या जुळवणं, तर एकीत पुढे असणारं मूल बाकीच्यांतही बहुधा पुढेच असतं. सगळ्यांतच असेल असं नाही, पण योगायोगाने व्हावं त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा. या सगळ्या चाचण्यांच्या गुणांमध्ये जे सामाईक आहे ते गणिताने वेगळं काढता येतं. त्याला सामान्य बुद्धिमत्ता म्हणतात. ती मेंदूतली एखादी खरी गोष्ट आहे, की अनेक गोष्टींची पडलेली एक सावली आहे, यावर आमच्या विषयातली माणसं अजून भांडतात. मी स्वतः सावलीच्या बाजूची आहे. पण सावलीचीही लांबी मोजता येते.

बारा वर्षांपूर्वी ती मोजणारं यंत्र आलं. पूर्वी, आमच्या शाळेच्या काळी, जे काम दोन तास चालायचं ते बावीस मिनिटांत होऊ लागलं. पडद्यावर प्रश्न येतो. उत्तर बरोबर आलं तर पुढचा अवघड, चुकलं तर पुढचा सोपा. उत्तराला लागलेला वेळ आणि डोळ्याच्या बाहुलीचं आकारमान यंत्र टिपत राहतं, कारण डोकं चालवावं लागलं की बाहुली किंचित मोठी होते. या तिन्हींवरून अंक निघतो, आणि तो चुकला तर फार तर तीनेक गुणांनी. इतकं स्वस्त आणि इतकं नेमकं काही हाती आल्यावर सरकारने सावलीचं भांडण मिटायची वाट पाहिली नाही. बसचालकाचा परवाना, औषधविक्रेत्याचा परवाना, आणि शेवटी स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या उपचारांना संमती देण्याचा अधिकार, सगळं अंकाला जोडलं गेलं. लग्नाच्या पत्रिकेशेजारी अंक छापून येऊ लागला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. अंक बहुतेक वेळा बरोबर असतो. म्हणूनच तो चुकतो तेव्हा कुणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात शमीम मुजावरला गाठलं. चाचणी तिने घेतली होती, कारण नातलगाची चाचणी स्वतः घेता येत नाही. शमीम चहाचा कप हातात धरून उभीच राहिली.

"मॅडम, मी नियमाबाहेर काही केलं नाही."

"मी तसं म्हणतच नाही. बस. सोबत कोण आलं होतं?"

"कुणी नाही. एकटेच. रिक्षाने."

"सुजयने अर्ज केला होता ना?"

"नाही हो. अर्ज त्यांचाच." तिने कपाटातून पाकीट काढलं. "टपालाने आला होता. हल्ली टपालाने कोण पाठवतं? म्हणून माझ्या लक्षात राहिला."

पाकिटावर आण्णांचं अक्षर होतं. सरळ, किंचित मागे झुकलेलं, प्रत्येक शब्दावरची रेघ पूर्ण. आत एक ओळ. 'माझी स्मृती व आकलन यांबाबत मला शंका असल्याने माझी चाचणी घ्यावी, ही विनंती.'

"आणि एक सांगू?" शमीमला हसू आवरेना. "खुर्चीवर बसले आणि म्हणाले, बाई, तुमचं टेबल लेव्हलमध्ये नाही. खिशातून ती छोटी बुडबुड्याची नळी काढली. मग कागदाची घडी करून पायाखाली घातली. दोनदा. दुसऱ्यांदा समाधान झालं. मग म्हणाले, आता घ्या परीक्षा."

"आणि मग एकसष्ट."

तिचं हसू गेलं. "मला वाटलं, हातातल्या जुन्या सवयी राहतात. डोकं गेलं तरी. आपण प्रशिक्षणात तसंच शिकवतो."

शिकवतो खरं. मीच शिकवते.

त्या दुपारी मी खोलीचं दार लावून नोंदवही पुन्हा उघडली. या वेळी पहिल्या पानापासून नाही, शेवटापासून. प्रश्न सोपे होत होत तळाला पोचतात. तळाला चोवीस प्रश्न आहेत, सगळे ठिपक्यांचे: डावीकडे जास्त की उजवीकडे. ज्याला काहीच कळत नाही, त्याचेही निव्वळ अंदाजाने बारा बरोबर येतात. कधी दहा, कधी चौदा. आण्णांचे तीन आले होते.

मी हिशेब मांडला. अंदाजाने बटणं दाबणाऱ्या सात हजार माणसांतल्या एखाद्याचेच इतके कमी येतील. मग मी बाहुलीचे आकडे काढले. प्रत्येक चुकीच्या उत्तराआधी आण्णांची बाहुली मोठी झाली होती, अवघड गणित सोडवणाऱ्या माणसाची होते तेवढी. यंत्राने त्याचा अर्थ लावला होता की यांना हे सोपे प्रश्नही अवघड जातात, आणि अंक आणखी खाली ढकलला होता. पण मेहनत उत्तर शोधण्याची नव्हती. जे तीन बरोबर आले होते ते एका सेकंदात आले होते. चौथा, बारावा, एकोणिसावा. बेसावध क्षणी हात खरं बोलून गेला होता.

यंत्राने हे पकडायला हवं होतं. पकडलं नाही, त्याचं कारण मला कुणाला विचारावं लागलं नाही. सहा वर्षांपूर्वी या चाचणीचे नियम ठरवणाऱ्या पुण्याच्या समितीत मी होते. अंक वर चढवण्यासाठी केलेली चोरी ओळखायला आम्ही अकरा चाळण्या लावल्या. मुद्दाम हरणारा ओळखायची एक पाच मिनिटांची चाळणी आधीपासून होती. वृद्धांची दमछाक होते म्हणून ती काढावी, असं मी सुचवलं होतं. कुणीतरी शंका काढली तेव्हा मी म्हणाले होते, "मुद्दाम कमी अंक घ्यायला कोण येईल?" सगळे हसले होते. हुशार ठरण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, अशी नऊ माणसं टेबलाभोवती होती.

मुद्दाम कमी अंक घ्यायला माझे वडील आले होते.

हे कळल्यावर माझा संशय संपायला हवा होता. तो फक्त जागा बदलून बसला. अर्ज टपालाने, अक्षर त्यांचं, आणि अंक कुणाचा जास्त आहे हे घरात सगळ्यांत चांगलं त्यांनाच ठाऊक. दहावीला असताना माझ्या पहिल्या मापनाचा कागद त्यांनी चौकटीत लावला होता. म्हणजे आपण खाली उतरलो की अधिकार कुणाकडे जाईल, याचाही त्यांनी हिशेब केला होता.

मुदतीचा नववा दिवस रविवार होता. मी रेघांचा कागद घेतला आणि चोवीस ओळी हाताने उतरवल्या. नाव नाही, ठिपके नाहीत. दोनच रकाने: खरं जड पारडं कुठलं, आणि काट्याने कुठलं जड दाखवलं. मग आण्णांकडे गेले.

ते ओट्यापाशी स्टुलावर बसून लसूण सोलत होते. चौदा महिने आई घरात नाही, पण लसूण ते तिच्याच पद्धतीने सोलतात, आधी पाण्यात भिजवून.

"आलीस? चहा टाक. मला अर्धाच."

"आण्णा, एका काट्याची नोंद आहे. जरा बघता का?"

"आता मला काय कळतंय? एकसष्ट ना मी." ते माझ्याकडे न बघता बोलले.

"बघा तरी."

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. कागद थोडा लांब धरला. पहिल्या चार ओळींपर्यंत ते सावध होते, ते मला दिसत होतं. नंतर सावधपणा गेला. बोट रकान्यावरून खाली सरकू लागलं. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. गुळाच्या अडतीत, सोनाराच्या दुकानात, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. लहानपणी एकदा मी त्यांच्यासोबत गेले होते. दुकानदाराने लाडू पुढे केला, आणि आण्णा त्याला म्हणाले होते, "आधी ह्याचंच वजन करू."

"कुणाचा आहे हा?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा, बिघडलाय का?"

"छे." आवाज एकदम खात्याचा झाला. "बिघडलेला काटा कधी बरोबर दाखवतो, कधी चूक. त्याला काय ठरवता येतंय? हा चोविसांत एकवीस वेळा हलकं पारडं जड दाखवतोय. असा काटा बिघडत नसतो, केतकी. उलटं दाखवायला आधी सुलटं कळावं लागतं. हा कुणीतरी बसून…"

बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

चहा उकळून वर आला. मी गॅस बंद केला. त्यांनी कागदाची घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली.

"तीन कुठले बरोबर आले?" त्यांनी हळूच विचारलं.

"चौथा, बारावा, एकोणिसावा."

"एकोणिसाव्याला मला शिंक आली होती." ते थोडं हसले आणि लगेच थांबले.

"सुजयवर संशय घेतला मी. त्याने माझ्यावर घेतला. शमीम बिचारी चार दिवस जेवत नाहीये."

"हं."

"का, आण्णा?"

त्यांनी लसणाची एक पाकळी उचलली. ती सोललेलीच होती.

"तुझा रामूमामा गेला त्या वर्षी. साताऱ्याला त्याला बघून परत येत होतो. त्यालाही असंच, नळ्या लावलेल्या. उंब्रजच्या पुढे मंदा म्हणाली, अहो, माझं असं करू नका बरं का. मी हो म्हटलं. गाडी चालवताना हो म्हणायला काय जातंय?" त्यांनी पाकळी परत ठेवली. "पुढे म्हणाली, मुलांवर टाकू नका, तुम्हीच सांगा. त्यालाही हो म्हटलं."

"आणि टाकलंत माझ्यावर."

"तू शिकलेली. तुला यातलं कळतं. तुझा अंक…"

"अंकाचं नाव काढू नका!" माझा आवाज चढला. मी क्वचितच ओरडते. "अंकाने एवढंच कळतं की मी आकृत्या पटपट जुळवते. आईचं काय करायचं ते त्यात कुठे येतं? तुम्हाला उत्तर माहीत होतं. चौदा महिने माहीत होतं. माहीत नसतं तर इतकं नेमकं चुकता आलं नसतं तुम्हाला."

 मी ओट्याला टेकून उभी राहिले. रागाबरोबर आणखी एक गोष्ट वर आली होती, आणि ती मला आवडली नाही. दर महिन्याला डॉक्टर आण्णांना विचारायचे, तेव्हा मी शेजारी उभी असायचे. "बघू" ऐकलं की मला बरं वाटायचं. चौदा महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं, काय बघायचंय? यंत्र, शमीम, सुजय, आण्णा, सगळ्यांना मी तपासलं होतं. स्वतःला वगळून.

"मी स्वीकार लिहून देऊ शकते," मी म्हणाले. "उद्या शेवटचा दिवस आहे. मग मी सांगेन डॉक्टरांना. नाहीतर हरकत. पण हरकतीत कारण द्यावं लागतं. तुम्ही मुद्दाम चुकलात असं मला लिहावं लागेल. ती नोंद कायमची राहते."

त्यांनी चष्मा काढला. चौतीस वर्षांत त्यांनी खोट्या काट्यावर एकदाही शिक्का मारला नव्हता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांना स्वतःला त्याहून जास्त माहीत होतं.

"खरं असेल ते लिही," ते म्हणाले. "आणि सुजयला बोलाव."

हरकत मी सोमवारी सकाळी दिली. कारणाच्या रकान्यात चोवीस ओळींचा तक्ता जोडला, आणि खाली दुसरा अर्ज, पुण्याच्या समितीला: काढून टाकलेली पाच मिनिटांची चाळणी परत लावावी, ती माझ्या सूचनेवरून काढली गेली होती. शमीमने दोन्ही वाचले आणि पोचपावती दिली. गुरुवारी आण्णांची पुन्हा चाचणी झाली. एकशे अठरा आले. सुजय म्हणाला, "माझ्यापेक्षा चार जास्त," आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला मात्र त्याने अजून माफ केलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला आम्ही तिघं चार नंबरच्या खाटेपाशी उभे होतो. संमती लेखी चालत नाही. ती दोन साक्षीदारांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगावी लागते, आणि तिची ध्वनिनोंद होते. डॉक्टर नाईकनवरेंनी छोटं यंत्र खाटेच्या कडेला ठेवलं आणि दिवा लागेपर्यंत थांबले.

आण्णांचं लक्ष खाटेला जोडलेल्या वजनकाट्याच्या पडद्याकडे होतं. रुग्णाचं वजन, एकेचाळीस किलो.

"हा दोन किलो जास्त दाखवतोय," ते म्हणाले. "नळ्या आणि पांघरूण धरतोय."

"असेल, काका," डॉक्टर म्हणाले.

"असेल नाही, आहे." त्यांनी आईचा हात कोपराखाली तळवा घालून थोडा उचलला आणि तसाच धरून ठेवला. "एकोणचाळीस."

 कागदावरचा प्रश्न डॉक्टरांनी सावकाश वाचला. आपण हणमंत बापू डुबल, या रुग्णाचे पती. आपल्या पत्नीचा यांत्रिक श्वास चालू ठेवावा की थांबवावा, याबाबत आपला निर्णय काय?

मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"थांबवा," आण्णा म्हणाले. "मंदाने मला तसं सांगितलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. आजही हो म्हणतोय. यंत्र थांबवा, डॉक्टर."